सहा आठवड्यांच्या शिक्षणाचे भांडवल

चैत्र सरतो आणि गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या बाजारपेठेत रोकड दिसेनाशी होऊ लागते. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी दुकानांत माल भरावा लागतो. बियाणे व खते विकणाऱ्याचे पैसे कोठीत अडकतात, कापडवाल्याचे लग्नसराईत गुंततात आणि किराणा दुकानाच्या खतावणीत उधारीची पाने वाढत जातात. ही उधारी वसूल होते ती सोयाबीन व कापूस विकला गेल्यावर, म्हणजे दसऱ्यापासून पुढे. मराठवाड्यातील गावोगावच्या व्यापारी कुटुंबांचे वर्ष असे दोन भागांत विभागलेले असते. अर्धे वर्ष पैसा बाहेर जातो आणि उरलेले अर्धे वर्ष तो परत येत राहतो.

आता अशा घरातील एखादी मुलगी गंगाखेड, नांदेड किंवा लातूर येथील महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे, असे समजावे. तिने युरोपातील एका विद्यापीठाच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी अर्ज केला आणि तिला प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम जुलैमधील चार-सहा आठवड्यांचा आहे. त्याचे शुल्क मार्च-एप्रिलमध्ये भरावयाचे, विमानाचे तिकीट त्याच सुमारास काढावयाचे आणि व्हिसासाठी खात्यातील शिल्लक मे महिन्यात दाखवावयाची. घर गरीब नाही. दुकान चालते, पत आहे, शब्दाला मान आहे. तरीही त्या तीन महिन्यांत तीन-साडेतीन लाख रुपये मोकळे करणे घराला जड जाते. मुलीला सांगितले जाते की पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षीही मार्च महिना तसाच येतो, आणि त्यानंतर पदवी हातात पडते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेला तो दरवाजा तेथेच बंद होतो.

उन्हाळी अभ्यासक्रम म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्याकडे पुष्कळ गैरसमज आहेत. पाश्चात्त्य देशांत जून ते ऑगस्ट हा विद्यापीठांच्या दीर्घ सुट्टीचा काळ असतो. त्या काळात वसतिगृहे रिकामी असतात, वर्गखोल्या मोकळ्या असतात, आणि अनेक विद्यापीठे बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीचे वर्ग चालवितात. भाषा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, अन्नप्रक्रिया, शेतीतंत्र, वस्तुसंग्रहालयशास्त्र असे त्यांचे विषय असतात. काही ठिकाणी वर्गाऐवजी प्रयोगशाळेत दोन-तीन महिने काम करावयाचे असते. पूर्ण पदवीसाठी परदेशी जाणे हा एका कुटुंबाच्या आयुष्यातील मोठा निर्णय असतो. उन्हाळी अभ्यासक्रम त्या मानाने लहान आहे आणि त्यातून माघार घेता येते. मुलगा किंवा मुलगी परत येते, आपल्याच महाविद्यालयात पदवी पूर्ण करते, आणि पुढे मोठा खर्च करावा की नाही याचा निर्णय घर डोळसपणे घेऊ शकते. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. मोठी खरेदी करण्यापूर्वी तो नमुना मागवितोच.

याच पद्धतीने परदेशी विद्यार्थी आपल्याकडे कित्येक वर्षे येत आहेत. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी मराठीचे वर्ग चालविते, त्यांत उन्हाळी वर्गही असतात. संस्थेची स्थापना १९६१ सालची, आणि तिचा आरंभीचा मुक्काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होता. आपली भाषा शिकावयास येणाऱ्या या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा खर्च त्यांच्या घरून आलेला नसतो. तो शिष्यवृत्त्यांतून भागविला जातो. अमेरिकेत तर अल्प उत्पन्न गटातील पदवी विद्यार्थ्यांना परदेशी अभ्यासासाठी गिलमन नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे. २००० सालच्या कायद्याने ती सुरू झाली, तिची सर्वसाधारण कमाल मर्यादा ५,००० डॉलर आहे, आणि उन्हाळ्यातील काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठीही ती मिळू शकते. ज्याच्याजवळ पैसा कमी आहे त्यानेही पदवीच्या वयातच जग पाहावे, असा त्या कायद्याचा हेतू आहे.

अधिक जवळचे उदाहरण आपल्याच समाजाचे आहे. परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थी व प्राध्यापक यांनी भारतात येऊन जैन विद्येचा अभ्यास करावा, यासाठी २००५ साली डॉ. शुगनचंद जैन यांच्या पुढाकाराने उन्हाळी शाळा सुरू झाली. पुढे ती इंटरनॅशनल स्कूल फॉर जैन स्टडीज या नावाने पुण्यातून चालू लागली. येणाऱ्या अभ्यासकांचे निवास, भोजन व येथील प्रवास यांचा भार मुख्यतः समाजातील दानशूर व्यक्ती व संस्था यांनी उचलला. काही आठवडे चालणाऱ्या या शाळेत येऊन गेलेल्यांपैकी कित्येक जण आज आपापल्या विद्यापीठांत जैन धर्म व तत्त्वज्ञान शिकवितात. म्हणजे उन्हाळ्यातील काही आठवड्यांच्या शिक्षणासाठी पैसा कसा द्यावा, हे आपल्या समाजास ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. तो परदेशातून येणाऱ्यांस दिला गेला, आणि ते योग्यच झाले. राणीसावरगावातून बाहेर जाणाऱ्यास मात्र तो सहसा मिळत नाही.

सरकारी योजनांकडे पाहावे तर निराशा होते. केंद्र सरकारने २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे ‘पढो परदेश’ या योजनेचा लाभ जैन विद्यार्थ्यांनाही खुला झाला. परदेशी शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावरील व्याज काही काळ सरकार भरीत असे. पण ती योजना पदव्युत्तर व संशोधनपर शिक्षणापुरती होती, आणि २०२२-२३ पासून तीही बंद झाली. राज्य शासनाची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली परदेशी शिष्यवृत्तीही पदव्युत्तर व पीएच.डी.साठीच आहे. बँकांचे शैक्षणिक कर्ज पदवी किंवा पदविका देणाऱ्या अभ्यासक्रमासाठी आखलेले असते. सहा आठवड्यांच्या वर्गासाठी शाखाधिकारी सहसा मान हलवीत नाही. पदवी घेत असलेला विद्यार्थी आणि अल्पमुदतीचा अभ्यास, या दोन गोष्टी एकत्र आल्या की अर्जावर बसणारा रकानाच सापडत नाही.

परदेशी संस्थांकडून मात्र काही दारे उघडी आहेत. जर्मनीची डाड ही शैक्षणिक विनिमय संस्था तेथील विद्यापीठांच्या उन्हाळी भाषावर्गांसाठी शिष्यवृत्ती देते. त्यासाठी पदवीची साधारण दोन वर्षे झालेली असावी लागतात आणि जर्मन भाषेचे मध्यम पातळीचे ज्ञान लागते. त्यामुळे बारावीनंतर लगेच भाषा शिकण्यास आरंभ केलेल्यालाच ती गाठता येते. याच संस्थेची ‘वाइज’ ही योजना विज्ञान व अभियांत्रिकीच्या भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन प्रयोगशाळांत नेते, पण तिची दारे आयआयटी, एनआयटी यांसारख्या निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांनाच खुली आहेत. कॅनडातील मायटॅक्स ग्लोबलिंक या योजनेत बारा आठवड्यांचे संशोधनकार्य असते, आणि निवड झाल्यास विमानप्रवास व निर्वाह यांसाठी साहाय्य मिळते. फ्रेंच दूतावासाची शार्पाक शिष्यवृत्तीही प्रयोगशाळेतील कामासाठी आहे. ही सर्व साहाय्ये गुणवत्तेवर मिळतात, चढाओढ फार असते, आणि पुष्कळदा ती खर्चाचा एक भागच भरून काढतात. उरलेला भाग कोणी भरावयाचा, हा प्रश्न उरतोच.

परभणी जिल्ह्याने या बाबतीत एक चांगला प्रयोग पाहिलेला आहे. जागतिक बँक व भारत सरकार यांच्या समसमान वाट्यातून सुमारे १,१०० कोटी रुपयांचा राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प २०१७-१८ पासून राबविला गेला. त्यातून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित यंत्रे यांच्या साहाय्याने डिजिटल शेतीचे प्रगत केंद्र उभे राहिले, आणि विद्यार्थी व प्राध्यापक यांना परदेशी विद्यापीठांत अल्पकालीन प्रशिक्षणास जाण्याची संधी मिळाली. याच मातीतली मुले आपली पदवी न सोडता काही आठवडे बाहेर जाऊन परत आली. प्रकल्पाची मुदत संपली आणि त्याबरोबर तो निधीही संपला. सरकारी प्रकल्पास मुदत असते. समाजाच्या निधीस ती असलीच पाहिजे असे नाही.

निधी कसा असावा, याचे जुने नमुने आपल्यासमोर आहेत. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो दान म्हणून नव्हे तर कर्जरूप शिष्यवृत्ती म्हणून. त्याच्या आरंभीच्या लाभार्थी दोन स्त्रिया होत्या, डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. राणीसावरगावचा परिसर ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाच्या निजामाने १८९५ साली सोळा वर्षांच्या सरोजिनी चट्टोपाध्याय यांना, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू यांना, इंग्लंडला शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. आणि १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले. तेथे राहून शिकलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी कमावते झाल्यावर आपल्यावरील खर्चाची रक्कम संस्थेस परत केली, आणि त्या रकमेवर पुढचे विद्यार्थी शिकले. ज्ञानदानात घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची काळजी त्या व्यवस्थेत आपोआप घेतली गेली.

व्यापारी घराच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मराठवाड्यातील दुकानदार दान देतो, पण दान घेण्यास तयार नसतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे म्हणजे गावात आपली पत गेली, असे त्याला वाटते. तोच मनुष्य कर्ज मात्र सन्मानाने घेतो, कारण फेडण्याची त्याला खात्री असते. म्हणून जिल्ह्यातील एखाद्या समाजसंस्थेने उन्हाळी अभ्यासासाठी निधी उभारावयाचा असेल, तर तो बिनव्याजी कर्जाचा असावा, आणि परतफेड शेतीच्या हंगामाशी जुळणारी असावी. समजा एकूण खर्च ३,६०,००० रुपये आहे. त्यातील निम्मे घरून आले आणि निम्मे, म्हणजे १,८०,००० रुपये, संस्थेने दिले. दरमहा पाच हजारांचा हप्ता ठरविला तर तो ज्येष्ठ-आषाढात नेमका चुकेल आणि उगीच कटुता येईल. त्याऐवजी दर वर्षी मार्गशीर्षात ६०,००० रुपये, अशा तीन वर्षांत तीच रक्कम सहज परत येते. हा हिशेब मुंबई-पुण्यातील विश्वस्तांना सुचेलच असे नाही. जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील विश्वस्तांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

गरजेची पारख करतानाही स्थानिक दृष्टी हवी. अर्जात वार्षिक उत्पन्न विचारले जाते आणि पुष्कळ दुकानदार तेथे उलाढाल लिहून मोकळे होतात. ६० लाखांची उलाढाल असलेल्या दुकानाचा नफा आयकराच्या गृहीत तरतुदीनुसार ८ टक्क्यांनी धरला तर ४ लाख ८० हजार होतो, आणि त्यावर कधी दोन भावांचे कुटुंब चालते. कागदावर मात्र ते घर श्रीमंत दिसते. उलट व्हिसाच्या वेळी अडचण विरुद्ध बाजूची असते. भांडवल मालात व उधारीत असते, आणि दूतावास पाहतो तो बँकेच्या खात्यातील शिल्लक. मे महिन्यात ती नेमकी सर्वांत कमी असते. अशा वेळी संस्थेने साहाय्य मंजूर केल्याचे अधिकृत पत्र असेल तर त्याचा उपयोग रकमेइतकाच होतो. शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तो व्हावा लागतो, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि जून २०२४ पासून प्रौढ अर्जदाराचे शुल्क ९० युरो आहे. मुंबई-पुण्याच्या दोन फेऱ्याही हिशेबात धराव्यात.

विश्वस्तांनी आणखी एक बाब आपल्या सनदी लेखापालांकडून समजून घ्यावी. धर्मादाय संस्थेचे उत्पन्न भारताबाहेर खर्च झाले तर आयकराच्या सवलतीस बाधा येऊ शकते. म्हणून परदेशी विद्यापीठास संस्थेने परस्पर शुल्क पाठविण्यापेक्षा विद्यार्थ्यास येथे, रुपयांत, धनादेशाने रक्कम देणे आणि पुढचा भरणा त्याच्या कुटुंबाने करणे हा मार्ग अधिक सुरक्षित मानला जातो. कर्जरूप शिष्यवृत्तीची रक्कमही धर्मादाय उपयोग म्हणून धरली जाते, हे आयकर खात्याने १९७३ सालच्या परिपत्रकातच स्पष्ट केले आहे; परतफेड झाली की ती त्या वर्षीचे उत्पन्न ठरते. कुटुंबाने परदेशी पाठविलेली रक्कम वर्षाला १० लाखांच्या आत असेल तर १ एप्रिल २०२५ पासून तिच्यावर उगमस्थानी कर गोळा केला जात नाही. उन्हाळी अभ्यासक्रमाचा खर्च सहसा या मर्यादेत बसतो.

येथे एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. उन्हाळी अभ्यासक्रम या नावाखाली सहलीही विकल्या जातात. नामांकित विद्यापीठाच्या इमारती भाड्याने घेऊन एखादी खासगी कंपनी दोन आठवड्यांचे वर्ग भरविते, शेवटी रंगीत प्रमाणपत्र देते, आणि पालकांना वाटते की मुलगा त्या विद्यापीठात शिकून आला. अशा ठिकाणी समाजाचा पैसा जाऊ नये. अभ्यासक्रम विद्यापीठ स्वतः चालविते काय, त्यात परीक्षा आहे काय, श्रेयांक मिळतात काय, आणि व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळते काय, हे चार प्रश्न विचारले तर बहुतेक दलालांची भाषा बदलते. चौथा प्रश्न पालक सहसा विसरतात. आणि श्रेयांक मिळत असले तरी ते आपल्या महाविद्यालयात ग्राह्य धरले जातील काय, हे निघण्यापूर्वी प्राचार्यांकडून लेखी घ्यावे. तिकडे वर्ग चालू असताना इकडे नवे सत्र सुरू झालेले असते, कधी मागील सत्राची परीक्षाच लांबलेली असते. परीक्षेचे वेळापत्रक आणि विमानाचे तिकीट यांची गाठ पडून विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाता कामा नये.

घरातील वडीलधाऱ्यांची खरी शंका पैशांविषयी नसते, ती आहाराविषयी असते. मुलगी एकटी जाणार, कंदमूळ वर्ज्य, रात्रिभोजन वर्ज्य, मग तिचे कसे व्हावे? शंका रास्त आहे, पण ऋतू या बाबतीत अनुकूल आहे. बर्लिनमध्ये जूनअखेरीस सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, लंडनमध्येही सव्वानऊनंतरच. सायंकाळी सातला वर्गातून आलेल्या विद्यार्थिनीस स्वयंपाक करून चौविहार पाळण्यास पुरेसा अवकाश मिळतो, जो डिसेंबरात मुळीच मिळाला नसता. विद्यार्थी निवासांत बहुधा सामाईक स्वयंपाकघर असते. मूगडाळ, तांदूळ व भाज्या बहुतेक शहरांत मिळतात, आणि महिनाभराचे खाकरे बॅगेत मावतात. पर्युषण भाद्रपदाच्या सुमारास येते, तोपर्यंत जुलैचा अभ्यासक्रम आटोपून मुलगी घरी आलेली असते. चातुर्मासात प्रवासाची मर्यादा पाळणाऱ्या घरांनी मात्र आषाढ चतुर्दशीपूर्वी संपणारे जूनमधील वर्ग निवडावेत.

मुलींचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. दुकानात बसावयाचे आहे म्हणून मुलाच्या परदेशी अभ्यासावर घर खर्च करते, आणि लग्नाच्या खर्चाची तरतूद आधी हवी म्हणून मुलीच्या वेळी हात आखडता घेते, असे अनेकदा घडते. संस्थेने निम्मा निधी मुलींसाठी राखून ठेवला, तर घरातला हा वाद निम्मा तरी मिटेल. लग्नाच्या एका जेवणावळीत जेवढे ताट उठते, त्याहून ही रक्कम मोठी नसते.

सर्वांत अधिक काळजी घ्यावयाची ती वेळेची. बहुतेक परदेशी शिष्यवृत्त्यांचे अर्ज आदल्या वर्षीच्या भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत घेतले जातात. डाडच्या उन्हाळी वर्गांची मुदत साधारण डिसेंबरच्या आरंभी संपते. समाजसंस्था मात्र शैक्षणिक साहाय्याचे अर्ज दहावी-बारावीच्या निकालानंतर, जून-जुलैमध्ये मागवितात, म्हणजे विद्यार्थ्याने विमानात बसावयाच्या दिवशी. उन्हाळी अभ्यासाच्या निधीचे अर्ज दिवाळीत निघावेत. वहीपूजन झालेले असते, सोयाबीनचा पैसा बाजारात आलेला असतो, देणगीदारांचे हात मोकळे असतात, आणि बाहेर शिकणारी मुले घरी आलेली असतात. अर्ज मराठीत, एका पानाचा असावा. संक्रांतीपर्यंत तत्त्वतः मंजुरीचे पत्र द्यावे आणि प्रवेश पक्का झाल्याचा कागद दाखविताच, मार्च उजाडण्यापूर्वी, पैसे विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा करावेत. त्यानंतर चैत्रात बाजारपेठेतील रोकड कितीही आटली तरी त्या मुलीच्या तिकिटास त्याची झळ लागणार नाही.